बाबांचं बहात्तर

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून आधी खुर्चीत बसली असशील, मग चष्मा पुसला असशील आणि "आता कोणाला काय झालं" असं पुटपुटत पाकीट फोडलं असशील. कोणाला काहीही झालेलं नाही. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. बायकोचा गुडघा कुरकुरतो, पण तो लग्नापासूनच कुरकुरतोय.

तुला हसू येईल, पण मी सिगार ठेवायची पेटी घेतली आहे. आतून देवदाराची, झाकणाला ओल मोजायचं रुपयाएवढं मीटर बसवलेलं. ऑफिसातला एकजण गाव सोडून चालला होता, त्याने पेटीसकट दहा सिगारही दिल्या. एक पेटवली तर वाळक्या पाचोळ्यासारखी तडतडली आणि तोंडात पुठ्ठा जाळल्यासारखी चव आली. तो म्हणाला, "सिगारवाल्याचे चिरंजीव ना तुम्ही? अहो, ही कोरडी ठाक पडली आहे, एवढंही कळत नाही?" चव्वेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा बाबांच्या धंद्यावरून लाज वाटली.

तेव्हा सांग, सिगारला ओल किती हवी? एकजण म्हणतो पासष्ट, दुसरा म्हणतो सत्तर. बाबा किती ठेवायचे? जरा मोठा झाल्यावर त्यांनी मला सिगारच्या खोलीत कधी येऊच दिलं नाही, त्यामुळे मला फक्त दाराखालून येणारा वास ठाऊक आहे. ते पितळी मीटर अजून भिंतीवर आहे का?

आणि समजा पेटीऐवजी एखादी खोलीच असली, तर हिशेब बदलतो का? आपलं सहज विचारतो.

तुझ्याशिवाय ज्याला आता कोणी गुंड्या म्हणत नाही, तो
गुंड्या

१५ फेब्रुवारी

गुंड्या,

खुर्चीत बसले नव्हते, स्टुलावर उभी होते. तुझं पत्र आलंय म्हटल्यावर खाली उतरले आणि उतरताना पायरी चुकले. म्हणजे कोणाला तरी काहीतरी झालंच.

बावीस वर्षांत तू दुकानाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतंस. बाबांच्या आजारपणात आलास तेव्हासुद्धा खोलीच्या दाराकडे पाठ करून बसला होतास. आणि आता एकदम "ओल किती हवी?" मी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा खोलीत जाऊन मोठ्याने वाचलं. वेडी म्हण. बाबांनी ऐकायला हवं होतं असं वाटलं.

तर ऐक. बहात्तर. ना एक कमी, ना एक जास्त. पितळी मीटर अजून तिथेच आहे, दारासमोरच्या भिंतीवर. त्याच्या काचेवर बाबांनी लाल रंगाची बारीक खूण केली आहे, काटा त्या खुणेवर उभा हवा. पुस्तकांत पासष्ट लिहितात हे मलाही माहीत आहे. एकदा मी बाबांना तसं पुस्तक दाखवलं होतं. ते म्हणाले, "हे लिहिणाऱ्याने आपली खोली बघितली आहे का?" विषय संपला.

हे झालं ठेवायचं. ओढायची वेळ आली की निराळं. ठेवलेली सिगार थेट पेटवली तर ती ओलसर असते, धूर खेचताना गाल बसतात आणि मधेच विझते. म्हणून तीन दिवस आधी ती काढून वरच्या छोट्या खणात ठेवायची. तिथे एकोणसत्तर. मग अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच दाबून बघायची. दबली पाहिजे आणि परत वर आली पाहिजे. कुरकुरली तर कोरडी, दबलेलीच राहिली तर ओली. बाबा म्हणायचे, मीटरवर विश्वास ठेवा, पण हात जोडू नका.

तुझ्या त्या वाळलेल्या नऊ सिगारींना घाईने ओल देऊ नकोस. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढलं तर त्याला बाधतं. आठवड्याला दोन अंश, बस्स. नाहीतर वरचं पान फुगून फाटेल.

खोली असेल तर पाण्याच्या उथळ थाळ्या लागतात, त्याही जमिनीजवळ. नळाचं पाणी नाही, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. नळाच्या पाण्याने बुरशी येते. पण तुला कशाला खोली?

आपल्या खोलीत क्लबच्या सभासदांचे एकशे चाळीस खण आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर माझं अक्षर. चाळीस वर्षं क्लब सभासदांच्या सिगार आपल्या दुकानात ठेवतो म्हणून हे दुकान उभं आहे. गल्ल्यावरच्या विक्रीवर तर मांजरही जगणार नाही. समोरचं फर्निचरचं दुकान बंद झालं. आत सुतार काम करतायत आणि बाहेर मोठमोठ्या काचा उतरल्या आहेत. चष्म्यांचं दुकान येतंय असं शेजारचा घड्याळजी म्हणतो. येऊ दे, मलाही नंबर वाढवायचाच आहे.

सिगार नीट जमली की कळव.

तुझी ताई

२ मार्च

ताई,

बहात्तर म्हणजे बहात्तर! पेटी हळूहळू सुधारते आहे. तुझं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय आणि अभ्यासाला बसल्यासारखं वाचतो.

आता तू विचारलंस तर सांगतो. माझ्या एका मित्राला हौस आली आहे. त्याच्याकडे दहा बाय चौदाची खोली आहे, एका बाजूला काच. त्याला विचारायचं आहे की थाळ्या किती ठेवायच्या, आणि देवदाराच्या नव्या फळ्या बसवल्या तर किती दिवस थांबायचं? फळ्या कच्च्या असतात म्हणे. मी त्याला सांगितलं, माझी बहीण या बाबतीत गावात एक नंबर आहे.

क्लबचे ते सेक्रेटरी अजून आहेत का, लहानपणी आपल्याला गोळ्या द्यायचे ते? ते कुठली सिगार ओढतात गं? कधी भेटलेच तर घेऊन जाईन म्हणतो.

गुंड्या

१४ मार्च

गुंड्या,

आधी तुझ्या हौशी मित्राचं. नव्या फळ्या आधी स्वतः पाणी पितात. त्यांना तीन महिने रिकाम्या खोलीत ओल पाजायची, मगच सिगार आत न्यायच्या. दहा बाय चौदाला सहा थाळ्या. आपल्याकडे सहाच आहेत, चार कोपऱ्यांत चार आणि मधल्या मांडणीखाली दोन. आठवड्यातून एकदा सगळे खण वरचे खाली, खालचे वर करायचे, कारण खाली ओल जास्त असते. आणि ती काच मला पसंत नाही. काचेतून ऊन येतं. पण त्याची हौस, त्याची काच.

सेक्रेटरी आहेत. केस गेले, आवाज तोच. त्यांना जाड, काळसर पानाची सिगार आवडते, आणि इतरांपेक्षा थोडी कोरडी. त्यांची मी पाच दिवस आधी वरच्या खणात काढून ठेवते. त्यांना ते माहीत नाही. त्यांना वाटतं त्यांचं नशीबच चांगलं.

आता माझं ऐक. समोर चष्म्यांचं दुकान येत नाहीये. काल रंगाऱ्याने पाटी रंगवायला घेतली, तेव्हा गल्लीतले सगळे माझ्याकडे बघत होते. सिगारचं दुकान आहे. कोणी बाहेरगावचे शेठ आहेत, त्यांची आणखी चार दुकानं आहेत. सेक्रेटरी येऊन गेले. चहा अर्धा ठेवला तेव्हाच मी समजले. म्हणाले, यंदा मे महिन्यात समिती दोन्ही खोल्या बघेल. "तुमच्यावर विश्वास आहेच, पण सभासद नवे आहेत."

मला भीती वाटते. ही गोष्ट मी आणखी कोणाला सांगू? बावन्न वर्षांची बाई, दुसरं काही येत नाही. सतराव्या वर्षी बाबांनी खोलीची किल्ली दिली आणि तिथून मी बाहेर आलेच नाही. क्लब गेला तर दिवाळं. पण मग वाटतं, ही खोली काल उभी राहिलेली नाही. काचा कोणीही लावेल. थाळी कुठे ठेवायची आणि सेक्रेटरींची सिगार किती दिवस आधी काढायची, हे त्या शेठना कोण सांगणार आहे?

तू इथे असतास तर बरं झालं असतं. तुझा सल्ला कळव.

ताई

२९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

माझा सल्ला विचारतेस तर सांगतो. भांडत बसू नकोस. मोठ्या माणसांशी टक्कर घ्यायचं तुझं वय राहिलेलं नाही. उद्या ते भाव पाडतील, परवा आणखी काही करतील. त्यापेक्षा तूच मानाने दुकान बंद कर आणि इकडे आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच असते. आयुष्यभर थाळ्यांत पाणी ओतलंस, आता जरा बस.

बाबांनी दुकान तुला दिलं ते तुझ्या गळ्यात दगड बांधल्यासारखंच झालं. मला दिलं असतं तर मी केव्हाच त्याचं सोनं केलं असतं. जाऊ दे. झालं ते झालं.

समिती नक्की कुठल्या तारखेला येते ते मात्र कळव. तुझी काळजी वाटते म्हणून विचारतो.

गुंड्या

२१ मे

गुंड्या,

कार्डावर तारीख कळवली होती, ते मिळालंच असेल. समिती आली आणि गेली. निकाल तिकडे लागला.

काल दोन माणसं हातगाडी घेऊन आली. एकशे चाळीस खण गल्ली ओलांडून गेले. मी गल्ल्यामागे बसणार होते, पण पहिलाच खण त्यांनी तिरका धरला आणि मला राहवलं नाही. प्रत्येक फेरीला बरोबर गेले. आडवा धरा, हलवू नका, उन्हात थांबू नका. घड्याळजी म्हणाला, "अहो, स्वतःच्या हाताने पोहोचवताय काय?" काय करणार? त्या सिगारींनी माझं काही वाईट केलेलं नाही.

सेक्रेटरी माझ्याकडे न बघता बोलत होते. "बाई, त्यांची खोली अगदी तुमच्यासारखीच आहे. थाळ्यासुद्धा तशाच, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये दोन. वर काचेतून सभासदांना आपापला खण दिसतो." समितीला भेट म्हणून त्यांनी जाड, काळसर पानाची सिगार दिली. ती सेक्रेटरींना इतकी आवडली की त्यांनी तिथेच पेटवली. मला वाटलं, चांगली पद्धत सगळ्यांना एकसारखीच सुचत असेल.

खोली रिकामी झाल्यावर काटा एका दिवसात चार अंश उतरला. सिगारींचीही ओल असते ना, ती त्यांच्याबरोबर गेली. मी थाळ्या भरल्या आणि तो परत लाल खुणेवर आणला. कोणासाठी, ते विचारू नकोस.

तू बरोबर होतास. मानाने बंद करायला हवं होतं. थोडं आवरून तुझ्याकडे येईन म्हणते. तुझं ते पत्र मला फार आधाराचं वाटतं. जगात निदान एक माणूस आपल्या बाजूने विचार करतं एवढं पुरतं.

ताई

३ जून

ताई,

पत्र मिळालं. कामाचा डोंगर आहे म्हणून चार ओळीच. मागची खोली झाडून ठेवली आहे. पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते बायको विचारते. येण्याची घाई नको, तब्येत सांभाळून ये. दुकानाचं झालं ते मनाला लावून घेऊ नकोस. असं कोणाच्याही बाबतीत होतं.

गुंड्या

२६ जुलै

गुंड्या,

पडद्यांचं राहू दे.

परवा सेक्रेटरी आले. काखेत एक खण होता. माझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून त्याच्यावर होती. गल्ल्यावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. पांढरी बुरशी, गुंड्या. केसाळ. बोटाने पुसली तर खालचं पान काळं पडून सोलून निघालं. निम्म्या सिगार फुगून उभ्या फाटल्या होत्या आणि दोन सिगारींना किड्यांनी टाचणीएवढी भोकं पाडली होती. यंदाचा उकाडा, काचेतून येणारं दुपारचं ऊन आणि त्यात ओल. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, दीड महिना सभासद कुरकुरत होते की सिगार खेचली जात नाही, मधेच विझते. मग हे.

मी विचारलं, ओल किती ठेवली होती त्यांनी?

ते म्हणाले, "बहात्तर. मीही म्हटलं, जास्त होतेय. त्यांचा मॅनेजर म्हणाला, हा या गावातल्या जुन्या दुकानाचा घराण्यातला आकडा आहे. खात्रीच्या माणसाकडून आलाय. म्हणजे तुमचाच ना? मग तुमच्याकडे चाळीस वर्षांत एकदाही बुरशी कशी आली नाही?"

मी तोच प्रश्न शेजारी नेला. घड्याळजीने मीटर तपासायची एक साधी युक्ती सांगितली. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, ओलं होईल एवढं पाणी टाकायचं, मीटर आणि ते बूच एका मोठ्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. ओल्या मिठावरची हवा पंचाहत्तरच दाखवते, मग गाव कुठलंही असो. बाबांचं मीटर मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीवरून काढलं.

त्याने ब्याऐंशी दाखवलं.

सात अंश पुढे आहे ते. बाबांचं बहात्तर म्हणजे खरं पासष्ट. पुस्तकं बरोबर होती. माझी खोली बरोबर होती, फक्त मी तिला चुकीच्या नावाने हाक मारत होते.

आता तूच सांग. बहात्तर हा आकडा जगात कुठल्याच शहाण्या माणसाने उन्हाळ्यात काचेच्या खोलीत ठेवला नसता. ज्याचं मीटर खरं आहे आणि ज्याने आकडा मात्र आपल्या घरातून उचलला, तोच ठेवील. तो तीन माणसांना ठाऊक होता. बाबा गेले. मी बोलले ती फक्त तुझ्याशी. सहा थाळ्या, सेक्रेटरींची सिगार, समितीची तारीख, सगळं मीच तुला लिहून दिलं, आणि वर तुझे आभार मानले.

ताकाला येऊन भांडं लपवत होतास. मी मात्र ताक घुसळून घुसळून वाढत होते.

एकदा लिही की हे खोटं आहे. मी विश्वास ठेवीन. मला विश्वास ठेवायचा आहे.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

खोटं नाही.

शेठना मीच गाठलं. भागीदार करून घेतो म्हणाले, म्हणून मी नोकरी सोडली. पेटी वगैरे काही नाही. घरात मी सिगारचा वासही येऊ देत नाही.

पण तूही काही कमी नाहीस. इतकी वर्षं त्या खोलीत बसतेस आणि तुला मीटर चुकीचं आहे हे ठाऊक नव्हतं? मला मुद्दाम चुकीचा आकडा दिलास. त्यांचा मॅनेजर ओरडून सांगत होता की अडुसष्टच्या वर नको. मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे म्हणालो, मी त्या घरातला मुलगा आहे, बहात्तर. आता खोलीतला माल गेला आणि शेठनी मला दारातूनच परत पाठवलं. नोकरीही गेली, दुकानही गेलं. सख्ख्या भावाला तोंडघशी पाडलंस. आता समाधान झालं?

आणि मी तसं का केलं तेही ऐक. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी त्या खोलीत खेळायचो. मग एके दिवशी बाबांनी तिला कुलूप घातलं. मी विचारलं तर म्हणाले, तुझं तिथे काही काम नाही. पुढे किल्ली तुला दिली. दारावर उभा राहिलो तरी आतून बंद करून घ्यायचे. स्वतःच्या मुलाला त्यांनी चोरासारखं बाहेर ठेवलं आणि तू आतून बघत राहिलीस. ज्याला दारातून आत घेतलं नाही, तो खिडकीतून येणारच.

ते मीटर कधीपासून चुकीचं आहे, तेवढं तरी खरं सांग.

गुंड्या

१८ ऑगस्ट

गुंड्या,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. पण तू विचारलं आहेस, तर उत्तर देते. मी तुझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं आहे.

मीटर घेऊन घड्याळजीकडे गेले. दुकान आता मुलगा बघतो, मी पत्रात घड्याळजी म्हणते तो तोच. म्हातारेबुवा ऐंशीच्या पुढे आहेत, मागे कॉटवर बसून असतात. मुलाने पितळी झाकण उघडलं तर आतल्या बाजूला सुईने कोरलेली तारीख होती. घड्याळजी लोक दुरुस्तीला आलेल्या वस्तूवर अशी खूण करतात. पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख, पण आत दुरुस्ती काहीच नाही. काटा मुळाशी वाकलेला तसाच. मुलाला कळेना. म्हातारेबुवांना दाखवलं, तर ते हसायला लागले.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. बाबा मीटर रुमालात बांधून घेऊन आले. म्हणाले, "धाकट्याच्या हातून पडलं. स्टुलावर चढला होता. मी दारातून बघत होतो, त्याला माहीत नाही. त्याने परत टांगलंय आणि दोन दिवस जेवत नाहीये." म्हातारेबुवा म्हणाले, ठेवून जा, काटा सरळ करून देतो. बाबा म्हणाले, "नको. सरळ केलात तर त्याला कळेल की मला कळलंय. किती चुकतंय तेवढं मोजून द्या." त्यांनी मोजलं. सात. बाबांनी काचेवर लाल खूण केली ती त्याच दिवशी, त्याच दुकानात, तिथल्याच रंगाने.

मग म्हणाले, "पोरगं भिंतीकडे बघून रडवेलं होतं. खोलीला कुलूपच घालतो. दिसलं नाही तर विसरेल."

हे तुझं कुलूप. तुला चोर समजून नाही घातलं ते. मोठं झाल्यावर उघडायला हवं होतं, तुझ्याशी बोलायला हवं होतं, ते त्यांना जमलं नाही. आपल्या घरात कोणालाच तोंड उघडून बोलणं जमत नाही, फक्त पत्रं लिहिता येतात. आणि मला सांगितलं असतं तर मी तुला टोमणे मारले असते असं त्यांना वाटलं असेल. सतरा वर्षांची होते, मारलेही असते. म्हणून मलाही खोटाच आकडा शिकवून गेले. तुझी चूक झाकायला मला फसवलं. हे मला फार लागलं आहे, गुंड्या. रात्रंदिवस त्या माणसाची सेवा केली आणि त्यांनी विश्वास टाकला तो घड्याळजीवर.

पण त्यांनी कोणाचं नुकसान केलं नाही. मरेपर्यंत मनातल्या मनात सात वजा करत राहिले, तेवढंच.

मी तुला मुद्दाम चुकीचा आकडा दिला नाही. मी माझ्याजवळचा सगळ्यात खरा आकडा दिला. तो तूच खोटा केला होतास, नऊ वर्षांचा असताना, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी येऊन तोच चोरून नेलास. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांड्याने स्वतःवरही घाव घालून घेतला. मला त्याचं समाधान नाही. बुरशी लागलेल्या सिगार बघून ज्याला समाधान होईल त्याने या धंद्यात पडू नये.

मीटर पडलं त्याबद्दल माझा राग नाही. ते पोराच्या हातून पडलं. "तुझी काळजी वाटते" असं लिहून समितीची तारीख विचारलीस, ती ओळ पोराच्या हातची नव्हती. मी हातगाडीबरोबर गल्लीतून फेऱ्या मारत होते तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला पडद्यांचा रंग विचारत होतास. केसाने गळा कापलास. हे मी विसरणार नाही आणि विसरल्याचं नाटकही करणार नाही. ते बाबांनी करून बघितलं.

क्लबचे खण परत आले. एकशे चाळीसपैकी अठ्ठावन्न. बाकीचे फेकून द्यावे लागले. समितीने एक वर्ष बघू म्हटलं आहे. त्यातला प्रत्येक खण मी रोज एकदा उघडते, हुंगते, बंद करते. दुकान चालेल की नाही सांगता येत नाही. पण मी तुझ्याकडे येणार नाही. ती खोली दुसऱ्या कोणाला द्या.

घड्याळजीच्या मुलाने विचारलं, काटा सरळ करायचा का? म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काचेवरची लाल खूण एकदा बोटाने चाचपली. मग म्हटलं, करा.

पाच मिनिटांचं काम होतं.

आता ते भिंतीवर आहे आणि पासष्ट दाखवतं. लाल खूण मी पुसली नाही, ती बाबांची आहे. काटा तिच्यापासून सात अंश खाली उभा असतो. रोज सकाळी थाळ्या भरताना त्या मोकळ्या जागेकडे नजर जाते. मग मी वहीत पासष्ट लिहिते आणि दुकान उघडते.

ताई